गाण्यावरून फॅन फिक्शन : दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

कोजागिरीला भुलाबाईची, म्हणजे पोरी महिनाभर जिची गाणी म्हणतात त्या देवीची, बोळवण झाली की विदर्भातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारावर एक कागद लागतो. दिवाळीच्या सुट्टीतली कथास्पर्धा. अट दोन ओळींची असते : आवडत्या कथेतलं एक पात्र घ्या, आवडतं एक गाणं घ्या आणि त्या गाण्यावरून सुचलेली त्या पात्राची नवी गोष्ट लिहा. शब्दमर्यादा १५००. मुदत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत.

कागद वाचून पोरंपोरी आत येतात, अलीकडे त्यांच्या आयाही येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "म्हणजे लिहायचं काय जी?" तीन दिवाळ्या झाल्या, आलेल्या कथा मी वाचते आहे. काही चुका दरवर्षी होतात, आणि काही साध्या गोष्टींनी एखादी कथा एकदम उभी राहते. ते सगळं इथे क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे सुट्टीचे पहिले चार दिवस विचारण्यात जायचे नाहीत.

आधी शब्द समजून घ्या

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या कथेच्या जगात शिरून, तिथलीच पात्रं घेऊन, मूळ लेखकाने न सांगितलेला भाग आपण लिहिणं. मूळ कथेला असं लिहिणाऱ्या चाहत्यांत 'कॅनन' म्हणतात. एका भागात संपणारी छोटी कथा म्हणजे 'वनशॉट'. पात्रं तीच पण काळ किंवा गाव बदललेलं, तर ती 'एयू' (ऑल्टर्नेट युनिव्हर्स). आणि गाण्यावर बेतलेली कथा म्हणजे 'साँगफिक'. स्पर्धेपुरते एवढे चार शब्द पुरतात.

सुट्टीत एकमेकांसाठी अशा कथा लिहिण्याची चाल जगात इतरत्रही आहे. इंग्रजीत 'यूलटाइड' नावाची देवाणघेवाण २००३ पासून दर वर्षी होते. फारसं कोणी न लिहिलेल्या कथांच्या चाहत्यांनी एकमेकांना नाताळची भेट म्हणून कथा लिहायची, किमान हजार शब्दांची, आणि त्या २५ डिसेंबरला उघडायच्या. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांनीच चालवलेलं कथांचं कोठार २००९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पण मला नव्या लेखकांना दूरचं उदाहरण द्यावंच लागत नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकात तिथे महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने महदाइसेने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, आणि त्यांत तिने सांगितली रुक्मिणीच्या लग्नाची कथा. कथा आधीपासून सगळ्यांच्या माहितीची, पात्रं पुराणातली, घाट मात्र बायकांच्या तोंडच्या लग्नगाण्याचा, आणि निमित्त समोर चाललेल्या सोहळ्याचं. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो तिने पात्र, गाणं आणि प्रसंग या तीन गोष्टी अशा एकत्र आणल्या होत्या. आपणही त्याच तीन गोष्टी एकत्र आणणार आहोत. म्हणून कोणी "हे विदेशी खूळ आहे" म्हणालं तर बिचकू नका.

पायरी १ : गाणं निवडा, आणि आधी फक्त ऐका

बहुतेक जण मोबाइलवर सध्या चालणारं सिनेमाचं गाणं घेतात. त्याला मनाई नाही. तरी पहिल्या कथेसाठी मी एकच आग्रह धरते : ज्या गाण्याशी तुमच्या अंगाची ओळख आहे ते घ्या. ज्यावर तुम्ही टिपऱ्या धरल्या, जे ऐकत झोपी गेलात, जे बैलबंडीत बसून वावराकडे जाताना कानावर पडलं.

आपल्याकडे या दिवसांत गाण्यांना तोटा नसतो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची गाणी झालेली असतात, ती अजून पोरींच्या तोंडात असतात. पोळ्याला बैलांपुढे म्हणायच्या झडत्या श्रावणातल्या, पण ज्याने तोरणाखाली उभं राहून त्या ऐकल्या त्याला त्या वर्षभर आठवतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या बाजूला खंजिरी भजनं आहेत. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं उभी राहतात. वडसा-गडचिरोलीच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं भाऊबीजेच्या सुमारास सुरू होतात आणि गाण्यांसकट रात्रभर चालतात. आजी घरात असेल तर जात्यावरच्या ओव्या आहेतच.

आजीच्या बाबतीत अनुभवाची गोष्ट सांगते. फोन समोर धरून "म्हण ना वं आजी" म्हटलं तर ती दोन ओळी म्हणते आणि "आता आठवत नाई" म्हणून थांबते. तिच्या हाताला काम द्या. दिवाळीआधी वाती वळायला कापूस घेऊन बसवा आणि तुम्हीही शेजारी बसून वळा. हात चालू लागला की गाणंही चालू लागतं, कारण ते कामासोबतच तिच्या डोक्यात साठलेलं असतं. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

गाणं ठरलं की ते तीनदा ऐका, तीन वेगवेगळ्या कामांसाठी. पहिल्यांदा काहीच लिहू नका. दुसऱ्यांदा गाणारा श्वास कुठे घेतो, कोणता शब्द लांबवतो आणि कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते, ते वहीत टिपा. तिसऱ्यांदा एकच प्रश्न विचारा : या गाण्यात कोण बोलत नाही?

हा तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त कामाचा आहे. भुलाबाईच्या गाण्यांत माहेरी जायला निघालेली सून असते. ती सासूला विचारते, सासू दुसऱ्याकडे पाठवते किंवा एक काम सांगते, ते झालं की आणखी एक सांगते. सून बोलते, सासरची माणसं बोलतात. माहेरी दारात उभी राहून वाट पाहणारी आई सबंध गाण्यात एक शब्द बोलत नाही. लेकीला यायला उशीर का झाला हे तिला कळतही नाही. गाण्याने न सांगितलेली ही जागा सापडली की कथेसाठी पुष्कळ मोकळं रान मिळतं.

पायरी २ : पात्र निवडा

असं पात्र घ्या ज्याच्याविषयी तुम्हाला एखादी गोष्ट खुपते. "मला तो आवडतो" एवढ्याने कथा पुढे सरकत नाही. "त्याने असं का केलं?" हा प्रश्न मनात असेल तर सरकते.

नवख्यांनी पुराणातलं किंवा लोककथेतलं पात्र घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. एक कारण कायद्याचं आहे, ते पुढे येईलच. दुसरं कारण असं की वाचणाऱ्याला ते पात्र आधीच माहीत असतं, ओळख करून देण्यात तुमचे ३०० शब्द जात नाहीत. आणि आपल्या भागाला तर अशी पात्रं घरचीच आहेत. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी आहे. दमयंती विदर्भाच्या भीमराजाची लेक. अगस्त्याची लोपामुद्रा विदर्भाच्या राजवाड्यात वाढली. या तिघींच्या कथा लिहिताना माहेर म्हणून जे अंगण तुमच्या डोळ्यांसमोर येईल ते तुमच्याच गावचं असेल, आणि ते खोटं वाटणार नाही.

विदेशी सिनेमातला महावीर, म्हणजे सुपरहिरो, आपल्या गावात उतरतो अशी कथा दरवर्षी दोन-तीन तरी येतात. लिहिणाऱ्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. त्या बहुधा एकाच जागी अडखळतात : महावीर गावातल्या सगळ्या अडचणी सोडवून निघून जातो, आणि गाणं फक्त शेवटी वाजतं. असं पात्र घ्यायचंच असेल तर त्याला अशी अडचण द्या जी त्याच्या ताकदीने सुटत नाही. उडता येतं, पण कापूस वेचता येत नाही. शेजारी वेचणाऱ्या बाईच्या गाण्याचा ठेका पकडल्याशिवाय त्याचा हात चालत नाही. आता गाण्याला कथेत काम मिळालं.

पायरी ३ : गाणं आणि पात्र यांचा सांधा शोधा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सांधा म्हणजे अशी एक गोष्ट, जी गाण्यातही आहे आणि मूळ कथेतही आहे. ती सापडली नाही तर गाणं आणि पात्र एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांसारखे दिसतात.

मी दमयंतीचं उदाहरण घेते, आणि गाणं भुलाबाईचं.

महाभारताच्या वनपर्वातली नलकथा थोडक्यात अशी. नळ द्यूतात राज्य हरतो. वनात झोपलेल्या दमयंतीला सोडून जातो, जाताना तिच्या अंगावरचं अर्धं वस्त्र कापून नेतो. फिरत फिरत दमयंती अखेर विदर्भात माहेरी येते. नळाचं रूप पालटलेलं असतं, तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा सारथी होऊन राहतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, तीही अशी की ते उद्याच आहे. शंभर योजनं एका दिवसात रथ हाकू शकेल असा माणूस एकच, हे तिला ठाऊक असतं. रथ येतो. ती त्याच्या आवाजावरूनच ओळखते. पण खाली उतरतो तो कुरूप बाहुक. मग ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते, त्याने रांधलेलं मांस मागवून चाखते, आणि चवीवरून तिची खात्री पटते.

आता भुलाबाई आठवा. गाणी संपली की डबा येतो. झाकण बंद. पोरी डबा हलवतात, कान लावतात, गोड की तिखट विचारतात आणि खिरापत ओळखतात. बंद डब्यात काय आहे ते आवाजावरून आणि वासावरून ओळखायचं.

दमयंतीही तेच करते. पालटलेल्या रूपाच्या आत कोण आहे ते रथाच्या आवाजावरून आणि रांधण्याच्या चवीवरून ओळखते. हा झाला सांधा.

थोडं आणखी शोधलं तर दुसराही सापडतो. गाण्यातली सून माहेरी जायची परवानगी मागते. दमयंती माहेरीच आहे, आणि बाहुकाला समोर बोलावण्याआधी ती आईकडे आणि आईमार्फत वडिलांकडे परवानगी मागते. गाण्यातली सून सासरी अडकलेली, ही माहेरी. गाणं इथे उलटं फिरलं. आणि पहिल्या पायरीतला प्रश्न लावला तर तिसरी जागाही दिसते : दमयंतीची आई. लेक दारात आली, पण अर्ध्या वस्त्रात. त्या आईने काय पाहिलं, काय विचारलं नाही?

यातला एकच सांधा घ्या. तिन्ही एका कथेत कोंबले तर १५०० शब्दांत कशालाच जागा मिळणार नाही.

सांधा सापडला की तो वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. "दमयंती खिरापत ओळखावी तसा नळाला ओळखते." असं वाक्य लिहिता आलं तर पुढे जा. "दमयंतीला गाणं ऐकून नळाची आठवण येते" असं झालं, तर परत गाणं ऐका. आठवण कोणत्याही गाण्याने कोणालाही येते, त्यात हे गाणं आणि ही बाई पाहिजेच असं काही उरत नाही.

पायरी ४ : गाण्याची बांधणी कथेला द्या

गाण्यावरून कथा म्हणजे कथेत रेडिओ लावणं, असा समज फार आहे. पात्र खिडकीत बसतं, दूरवरून गाण्याचे सूर येतात, डोळे भरतात, मग जुना प्रसंग आठवतो. गेल्या वर्षी अशा नऊ कथा मी सलग वाचल्या. नऊही जणांना काहीतरी खरं सांगायचं होतं, आणि ते त्या खिडकीपाशी अडून राहिलं.

त्याऐवजी गाणं कसं बांधलंय ते पाहा, आणि कथा तशी बांधा.

भुलाबाईच्या पुष्कळ गाण्यांत तोच प्रश्न परत येतो आणि उत्तर दर वेळी एक पाऊल पुढे जातं. मग कथेत चार प्रसंग करा, चारही वेळा दमयंती केशिनीला तेच विचारते, "आणखी काय केलं त्यानं?" आणि दर उत्तराने बाहुकाच्या आतला माणूस थोडा उघडा पडतो. मूळ कथेत केशिनी खरंच अशा नवलाच्या गोष्टी येऊन सांगते : त्याने पाहिलं की रिकामं भांडं पाण्याने भरतं, गवताची काडी धरली की पेटते. म्हणजे गाण्याची बांधणी कॅननला कुठेच मोडत नाही.

झडतीचा घाट वेगळा. एक जण वर्षभराचा राग, भाव न मिळालेल्या पिकाचा, सावकाराचा, पुढाऱ्याचा, एकेका ओळीत चढवत नेतो, आणि शेवटी सगळा जमाव हर हर महादेवचा घोष करतो. हा घाट अशा पात्राला द्या ज्याला कधी बोलू दिलं गेलं नाही. लहान लहान वाक्यं, मध्ये वर्णन नाही, आणि शेवटी त्याच्यासोबत इतरांचा आवाज मिसळतो.

खंजिरी भजनाची लय संथ सुरू होते, मग चढते, आणि सगळे पुन्हा पुन्हा धृपदावर येतात. कथेत दर परिच्छेद आधीच्यापेक्षा आखूड करत न्या आणि एक वाक्य ठरावीक अंतराने परत आणा. ते दर वेळी जसंच्या तसं नको, पात्राच्या बदलत्या अवस्थेप्रमाणे एखादा शब्द बदलू द्या.

गाडगेबाबांच्या कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारण्याची रीत होती. साधे प्रश्न, लोक मोठ्याने उत्तर द्यायचे, आणि स्वतःच्याच उत्तरांनी कोंडीत सापडायचे. कृष्ण-दुर्योधनाची भेट या रीतीने लिहून पाहा. एका दहावीच्या मुलाने लिहिली होती, आणि ती आम्ही त्या वर्षी सगळ्यांना वाचून दाखवली.

ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो. आधीचे चरण भरून येतात आणि शेवटचा लवकर मिटतो. प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य तसं थोडक्यात मिटवून पाहा. समजावून सांगायचा मोह होतो, तिथे थांबा.

पायरी ५ : बोली

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, ही नवख्यांना झेपणारी वाट. सबंध कथा बोलीत लिहायची असेल तर जरूर लिहा, पण मोठ्याने वाचून एकसारखी ठेवा. पहिल्या पानावर 'मले' आणि तिसऱ्यावर 'मला' असं नको.

याबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. पडद्यावर आपली बोली बहुतेक वेळा हसवायला येते, आणि आपल्याच पोरांनी ते इतकं मनात घेतलंय की कथेत गडी वऱ्हाडी बोलतो आणि राजकन्या पुस्तकी. विदर्भाची राजकन्या विदर्भाची बोली का बोलू नये? दुःख, शहाणपण, प्रेम, राज्यकारभार, सगळं या बोलीत बोलून झालेलं आहे आपल्या घरांत. बोलीत बोलणाऱ्या पात्राला कथेतलं सर्वांत गंभीर वाक्य द्या.

असं :

"अन् मंग?"
"मंग त्यानं गवताची काडी हातात धरली जी. धरली का पेटली."
"अन् पानी?"
"भांड्याकडे पाह्यलं, भरलं."
दमयंती बराच वेळ बोलली नाही. अंगणात पोरींनी डबा हलवला. खळ्ळ. पुन्हा खळ्ळ.
"त्यानं रांधलं त्यातलं घेऊन ये."
"कायले, बाई?"
"झाकून आन. उघडू नको."

इथे गाण्याची एक ओळही आलेली नाही. पण भुलाबाई खेळलेल्या कुठल्याही बाईला तो डबा ऐकू येईल. पुराणकाळात भुलाबाई कशी, असं कोणी विचारेल. म्हणून वर 'एयू' लिहायचं, की आपण हे जाणून केलंय.

पायरी ६ : गाण्याचे शब्द घेताना

सिनेमाच्या किंवा अल्बमच्या गाण्याच्या ओळी कथेत उतरवू नका. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कवीच्या किंवा गीतकाराच्या मृत्यूनंतर, पुढचं कॅलेंडर वर्ष लागल्यापासून ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, ते प्रसिद्ध झाल्यानंतरची ६० वर्षं. म्हणजे जुन्या तबकडीची मुदत संपली तरी गाण्याचे शब्द मोकळे झालेले असतीलच असं नाही. आपल्या जवळचं उदाहरण : तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या भजनांच्या शब्दांचा हिशेब २०२८ च्या अखेरीपर्यंत जातो.

भुलाबाईची गाणी, ओव्या, झडत्या यांना एक कवी नाही, त्या पिढ्यांच्या तोंडून आल्या. आजीकडून ऐकलेली ओवी तुम्ही वापरू शकता. मात्र एखाद्याने अलीकडे नवी रचलेली झडती त्याची असते, त्याला विचारा आणि नाव द्या. कोणी संकलन करून पुस्तक काढलं असेल तर त्याची प्रस्तावना आणि टिपा उचलू नका.

पात्रांचंही तसंच आहे. हयात लेखकाचं पात्र घेऊन चाहते लिहितात, विकत नाहीत, वर मूळ लेखकाचं नाव देतात. ही चांगली रीत आहे, पण ती कायद्याची परवानगी नव्हे. बक्षिसाच्या स्पर्धेत पाठवताना आयोजकांना आधी विचारा. दमयंतीला, बिरबलाला, कावळ्या-चिमणीला कोणाची हरकत नाही. शेरलॉक होम्स आवडत असेल तर त्याचा लेखक १९३० मध्ये वारला, त्यालाही आपल्याकडे आणायला मोकळीक आहे.

पायरी ७ : वेळ काढा

सुट्टी म्हणजे मोकळा वेळ असं शहरातल्या लोकांना वाटतं. आपल्याकडे सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची वेचणी लागलेली असते, गहू-हरभऱ्याची पेरणी असते, आणि रात्रीची लाइन, म्हणजे वीज, असली की ओलित करायला वावरात जावं लागतं. घरात कानवले-चिवड्याचं काम वेगळं. म्हणून रोज दोन तास लिहीन असं ठरवू नका, ते तिसऱ्या दिवशी मोडतं. लक्ष्मीपूजनापर्यंत फक्त ऐकणं आणि सांधा शोधणं ठेवा, ते हातात काम असतानाही होतं. भाऊबीजेनंतर तीन संध्याकाळी कच्चा मसुदा, रोज साधारण ५०० शब्द. मग दोन दिवस वही बंद. मग दुरुस्ती.

फोनवर लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहा. बोलून टाइप करण्याची सोय छान आहे, वेचताना सुचलेला संवाद तिथल्या तिथे धरता येतो, पण ती वऱ्हाडी शब्द बदलून टाकते. 'तुले' म्हटलं की भलतंच उमटतं. संवाद हाताने तपासा आणि आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. दुसरं, गावात रेंज जाते, म्हणून फोनमध्येच साठेल अशा ठिकाणी लिहा आणि रोज एक प्रत स्वतःलाच पाठवून ठेवा. गेल्या वर्षी एका मुलीची पूर्ण झालेली कथा फोन पाण्यात पडून गेली, आणि तिने ती पुन्हा आठवून लिहिली ती मुदतीच्या आदल्या रात्री.

पायरी ८ : दोघांना वाचून दाखवा

चाहत्यांच्या भाषेत याला 'बीटा' म्हणतात, छापण्याआधी वाचणारा माणूस. तुम्हाला दोन लागतील. एकाला मूळ कथा माहीत असावी, तो सांगेल की दमयंती अशी वागेल का. दुसऱ्याला गाणं माहीत असावं पण कथा नाही. त्याला गाण्याचं नाव सांगू नका. कथा मोठ्याने वाचा आणि विचारा, "कोणतं गाणं आठवलं?" त्याने अंदाजानेही जवळचं काही सांगितलं तर तुमचं काम झालं. काहीच सांगितलं नाही तर चौथ्या पायरीवर परत जा. ही परीक्षा मी प्रत्येकाला घ्यायला लावते.

वाचताना तुमचीच जीभ जिथे अडते तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथलं वाक्य बहुधा कोणाच्याच तोंडचं नसतं.

पायरी ९ : पाठवताना

कथेच्या वर चार ओळी लिहा. मूळ कथा कोणती. पात्रं कोण. गाणं कोणतं आणि ते तुम्ही कोणाकडून ऐकलं. हिंसा, मृत्यू, आत्महत्या असं काही असेल तर तशी सूचना. आपल्या भागात अनेक घरांनी ते भोगलेलं आहे, वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. दमयंतीच्या कथेवर अशा ओळी येतील :

मूळ कथा : महाभारत, वनपर्व, नलोपाख्यान (एयू)
पात्रं : दमयंती, केशिनी, बाहुक
गाणं : भुलाबाईचं, आईच्या आईकडून ऐकलेलं
सूचना : नाही

ज्या आजीकडून गाणं ऐकलं तिचं नाव तिला विचारून तिसऱ्या ओळीत लिहा. आमच्याकडे वाचनाची संध्याकाळ त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी असते. त्या दिवशी तिला सोबत घेऊन या आणि पुढे बसवा, मागून नीट ऐकू येत नाही.